दारातली कळलावी

आमच्याकडं कळलावी घरी आणत नाहीत. नावच तसं. दारात आली की घरात भांडणं लागतात म्हणतात. श्रावणात गायरानात फुलायची, पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, वर लाल. मी एकदा फूल आणलं तर बायको म्हणाली, "तुमचं तोंड काय कमी हाय? टाका उकिरड्यावर." टाकलं.

पुढं ती वारली. तेव्हापासून घरात मोठ्यानं कुणी बोललेलं नाही. टीव्ही लावतो, त्याच्याशीच भांडतो.

औषधाला विकायला लोकांनी कंद खणून नेले. शिरूर अनंतपाळच्या आमच्या बाजूला कळलावी दिसंना झाली. नांदेडच्या कॉलेजातल्या एक बाई हुडकत आल्या. लई फिरलो, काटेरी झुडपात एकच वेल घावला. बाई म्हणाल्या, "काका, इथं हाही जाईल. तुमच्या अंगणात लावू?" हाव म्हणलं. भांडायला घरात दुसरं हाय कोण?

खूण करून ठेवली. वेल वाळल्यावर बाईंनी हातानं माती उकरली. कंद नांगरासारखा वाकडा, टोकाचा कोंब मोडला की संपलं. मोडला नाही. अंगणात लावला, विषारी म्हणून भोवती जाळी ठोकली.

पावसाळ्यात वेल जाळीवर चढला. महालक्ष्म्यांच्या तोंडावर लातूरहून सुनेचा फोन. "मामा, ते उपटा. न्हाईतर मी येत न्हाई. आमचं आधीच रोज वाजतंय."

"ते कळलावीनं लावलं व्हय? तुमच्या दारात तर समदं सिमेंट हाय."

तिनं फोन माझ्या पोराकडं दिला. "आबा, एका वेलापायी?"

"एकच हाय म्हणून."

महालक्ष्म्या लातुरातच बसल्या. बायको जिथं त्यांना साड्या नेसवायची, तो कोपरा मी झाडून घेतला. उगंच. त्याच दिवशी फूल उमललं.

बाईंनी फोनवर सांगितलं, वेल एकटाच, पराग हातानं लावून बघा, खात्री नाही. काडीला कापूस गुंडाळून लावला. बरीच फुलं तशीच गळाली. मग एकाची हिरवी शेंग झाली.

बाईंना कळवलं. "काका, जमलं की! आता बी धरेल. बोलवा घरच्यांना!"

"बोलावतो," म्हणलं.

शेंग वाळून बी हाती यायला दिवाळी उलटेल, हेही बाईच म्हणाल्या. त्याआधी वेलाला हात लावायचा नाही. सुनेला फोन केला नाही.