अंगात आलेली भोवळ

"यांच्या अंगात काहीही येत नाही. यांचा कान बिघडला आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांच्या टेबलावर उताणा पडलो होतो. मान टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती आणि छताचे वासे गरागरा फिरत होते.

दाराशी माझा चुलतभाऊ सदोबा उभा होता. त्याचं तोंड एवढंसं झालं.

डॉक्टरांनी माझ्या पापण्या बोटांनी उघडून धरल्या होत्या. "बघा," ते माझ्या बायकोला, मथुरेला, म्हणाले, "बुबुळं कशी नाचताहेत. याला निस्टॅग्मस म्हणतात." म्हणजे डोळ्यांनी आपोआप हिसके देत एका बाजूला पळणं. दुखण्याचं नाव वर्टायगो. यात जग जागेवरच असतं, आपल्याला मात्र ते फिरताना दिसतं. कानाच्या आत, हाडामध्ये, लॅबिरिंथ नावाचं एक यंत्र असतं. गवंडी पाणसळ लावून भिंत तपासतो, तसं ते शरीराचा तोल तपासतं. माझी पाणसळ खोटं बोलत होती.

"औषध काय द्यायचं?" मथुरेने विचारलं.

"औषध नाही."

"निदान बाटलीतलं काही?"

"बाटली हवी तर कंपाउंडरकडे रिकाम्या पुष्कळ आहेत. एक घेऊन जा."

हे डॉक्टर मोठ्या लढाईत पलटणीच्या दवाखान्यात होते. निवृत्त झाल्यावर हवा मानवली म्हणून जव्हार संस्थानात येऊन राहिले. रोग्याशी गोड बोलायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. मोखाड्याहून बैलगाडीने घाटाच्या वळणावळणाला ओकत मी त्यांच्याकडे आलो होतो, आणि हा गृहस्थ मला रिकामी बाटली देत होता. मला त्यांचा मनस्वी राग आला. आज मी त्यांच्यामुळे उभा आहे, तरी थोडा अजून आहेच.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांच्यासाठी मी लिहितो. ज्यांना ते नाही आणि तरीही जे सल्ले देतात, त्यांनी वाचलं तरी काही उपयोग नाही.

मी शिंपी. मोखाड्यात बाजाराच्या वाटेवर माझं दुकान आहे. एका सकाळी मशीनखाली पडलेली टाचणी उचलायला वाकलो आणि जमीन माझ्या अंगावर आली. मी मशीनचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. थोड्या वेळाने सगळं थांबलं. टाचणी तिथेच राहिली.

मग ते रोजचंच झालं. वाकलं की, वर पाहिलं की, अंथरुणात कूस बदलली की. झोपेत माणूस किती वेळा कूस बदलतो हे मला तेव्हा कळलं.

आता शहाणे जमले. वैद्यबुवांनी पित्त सांगितलं, डोक्यावरचे केस काढवले आणि माक्याचं तेल थापलं. त्याने भोवळ गेली नाही, पण शर्टांच्या कापडावर तेलाचे डाग पडले. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते असं. दाभोस्याच्या भगताने सुपात तांदळाचे दाणे मांडून पाहिले, आणि माझ्या सासरच्या मयत माणसांपैकी कोणीतरी रागावलं आहे म्हणाला. मथुरा म्हणाली, "आमच्याकडची माणसं जिवंतपणी कोणाला रागावली नाहीत, आता कशाला रागावतील?" शेजारच्या वाण्याने तर कांदा हुंगायला सांगितला. कांदा हुंगून मला भोवळ आली ती आलीच, वर डोळ्यांना पाणी.

पण खरा घोळ पुढे झाला. तो समजण्यासाठी बोहाडा काय ते सांगितलं पाहिजे.

आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवादिकांचे मोठे मुखवटे चढवून माणसं वाजंत्र्यांच्या तालावर नाचतात. प्रत्येक मुखवट्याला सोंग म्हणतात, आणि प्रत्येक सोंग पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराकडे असतं. शेवटचं सोंग जगदंबेचं. ते उजाडताना निघतं, आणि ते आमच्या घराकडे आहे. घरातल्या कर्त्या माणसाने ते नाचवायचं. माझ्या वडिलांनी मरेपर्यंत नाचवलं. त्यांच्या हाताला धरून मी नाचायला शिकलो. मला दुसरा कसलाही मान नाही, आणि दुसरा नकोही आहे.

तर एका बाजाराच्या दिवशी मी भर रस्त्यात कोलमडलो. डोळे फिरलेले, हात हवेत काहीतरी धरायला धडपडताहेत, तोंडातून "धरा, धरा" एवढंच. वांगणीची एक म्हातारी, रखमी, तिथे भाजी विकत होती. जगदंबेच्या घरचा माणूस घुमतोय हे पाहून तिने टोपली टाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, माजा बईल हरवलाय. कंला गेला सांग!"

माझा हात खांब शोधत होता. तो नदीच्या बाजूला गेला. म्हातारी नदीवर गेली, आणि बैल तिथे पाणी पीत उभा.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. उन्हाळ्यात बैल नदीवर नाही जाणार तर काय माझ्या दुकानात शर्ट शिवायला येणार? पण हे ऐकतो कोण! दुसऱ्या दिवसापासून दारात नारळ यायला लागले. सदोबाने मंगळवार ठरवला. मला पाटावर बसवायचं, मान मागे करायला लावायची, आणि माझं डोकं फिरलं की लोकांनी प्रश्न विचारायचे. मी ओकलो तरी त्याचा अर्थ लावायला सदोबा बसलेलाच. नारळ त्याच्याकडे जात. त्याच्या घरी त्या दिवसांत आमटीलाही खोबरं, भाजीलाही खोबरं.

एवढी माणसं माझ्याकडे पाहत होती, पण मी आजारी आहे हे त्यांतल्या एकालाही दिसलं नाही.

बोहाडा जवळ आला तसा सदोबा पंचांकडे गेला. "दादाच्या अंगात येतं. सोंग घेऊन तो पडला तर गावावर संकट. त्याने पाटावर बसावं, सोंग मी नाचवतो." पंच मला म्हणाले, "उभा राहू शकत असशील तर घे. नाहीतर मान सदोबाच्या घरी जाईल." आणि एकदा गेलेला मान परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवशी मथुरेने गाडी सांगितली. "आपण जव्हारला जायचं," ती म्हणाली. "देवीने बोलायचं असेल तर तिने मशीनखालची टाचणी उचलून दाखवावी." सदोबा देवीचा अपमान होऊ नये म्हणून बरोबर आला. अपमान झाला, पण त्याचा.

डॉक्टरांचा उपाय असा होता. पलंगाच्या कडेवर बसायचं. ज्या कुशीवर भोवळ येते त्या कुशीवर धाडकन आडवं व्हायचं. जग फिरू द्यायचं. डोळे मिटायचे नाहीत, कोणाला धरायचं नाही. थांबलं की उठून बसायचं, पुन्हा फिरू द्यायचं, मग दुसऱ्या कुशीवर. सकाळी, संध्याकाळी, दमेपर्यंत. पुढे मान डावी-उजवी वळवत चालायचं, नंतर वाकायचं, आणि शेवटी गिरक्या.

"म्हणजे ज्याने त्रास होतो तेच मुद्दाम करायचं?" मी विचारलं.

"तुम्ही मान ताठ धरून बसलात म्हणून तर दुखणं घर करून राहिलं. पलटणीत तोफेच्या आवाजाने कान बिघडलेले शिपाई मी असेच उभे केले. मेंदूला त्या खोट्या पाणसळीची सवय झाली की तो तिचं ऐकायचं सोडतो. भोवळीने तुम्ही मरणार नाही, शिंपीबुवा. ओकाल फक्त."

एवढं मात्र त्यांनी खरं सांगितलं. मी ओकलो. पहिल्या आठवड्यात मी पलंगावर पडायचो आणि मथुरा घमेलं धरायची. "अहो, आज कालच्यापेक्षा लवकर थांबलं," असं ती म्हणायची, आणि मला ते खोटं वाटायचं. सोडून द्यावंसं वाटत होतं. रडलोही. मग भिंतीपलीकडच्या त्याच्या घरातून सदोबाचा खोकला ऐकू यायचा, आणि मी पुन्हा धाडकन आडवा व्हायचो. रागाचाही उपयोग असतो, कोणी काही म्हणो.

गावाला हे पसंत पडलं नाही. जव्हारच्या डॉक्टरने देवी हाकलायला सांगितली अशी बातमी सदोबाने पसरवली. नारळ बंद झाले. कपडे शिवायला टाकणारेही कमी झाले. वाणी आता कांदाही सुचवेना.

सोंग बोहाड्याआधी बाहेर काढत नाहीत. म्हणून मथुरेने एका जुन्या टोपलीला दोन भोकं पाडली आणि ती माझ्या तोंडाला बांधली. मी अंगणात टोपली लावून गिरक्या घ्यायचो. सदोबा लोकांना म्हणाला, "देवी गेली, आता डोकंही गेलं." लोक कुंपणाशी उभे राहून बघायचे. जे मला महिनाभर देवी समजत होते, तेच.

भोवळ एका दिवसात जात नाही हे लक्षात ठेवा. ती येते, पण थोडी उशिरा येते आणि थोडी लवकर जाते. मग एका सकाळी मी त्या कुशीवर आडवा झालो, वाट पाहिली, आणि समोर भिंत होती. नुसती भिंत. एक पाल होती तीही हलत नव्हती. "मथुरे," मी हाक मारली, "घमेलं ठेवून दे." तिने ते ठेवलं आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

बोहाड्याला उजाडायच्या वेळी मी सोंग चढवलं. ते टोपलीपेक्षा किती जड असतं हे मी विसरलो होतो. वाजंत्री सुरू झाली. पंच पुढे बसले होते. सदोबा माझ्या मागे होता, मी पडलो तर सोंग झेलायला. मला झेलायला नव्हे.

दुसऱ्या गिरकीला ती आली. मशालींची एक लांब रेघ झाली. वडील असते तर त्यांचा हात धरला असता. पण मी डोळे मिटले नाहीत. पाय रोवून तिथेच उभा राहिलो, तिला फिरायचं तेवढं फिरू दिलं. रेघ तुटली, मशाली सुट्या झाल्या, पंचांचे चेहरे जागेवर आले. मग मी नाचलो. ऊन अंगावर येईपर्यंत नाचलो.

सोंग उतरलं तेव्हा लोक काय म्हणाले? "औंदा देवी आली नाय. नुसता शिंपीच नाचला." कारण मी पडलो नाही! या लोकांसाठी देवी म्हणजे तोल गेलेला माणूस. पंचांनी मान आमच्या घरी ठेवला, पण तोंडं अशी केली की जणू मी त्यांना फसवलं. सदोबा तर सरळ घरी निघून गेला. मला सगळ्यांची कीव आली, आणि कीव येण्यात फार सुख आहे हेही सांगून टाकतो.

गर्दी पांगली तेव्हा रखमी म्हातारी पुढे आली. तिच्या हातात नारळ होता.

"शिंपीदादा, लोक सांगतात तुजा कान दुखत होता. देवी नव्हती."

"नव्हती, आजी."

"मंग माजा बईल कोनी दावला?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. उन्हाळा, नदी, बैलाची तहान. वाण्याच्या, वैद्याच्या, सदोबाच्या तोंडावर मी ते फेकलं असतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मला एकदम आठवलं, की बाजारात मी पडलो तेव्हा बाकीचे मागे सरले होते. ही एकटी टोपली टाकून धावली होती. देवी समजून का होईना, माझे पाय हिनेच घट्ट धरले होते, आणि त्या वेळी सगळ्या फिरत्या जगात तेवढेच दोन हात स्थिर होते. ते मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

"तूच शोधलास, आजी," मी म्हणालो. "तू नदीवर गेलीस म्हणून सापडला."

तिला ते पटलं नाही. तिने नारळ पुढे केला आणि माझ्या पाया पडायला लागली. मी तिचे खांदे धरून तिला उभं केलं. मग मीच वाकलो, टाचणी उचलायला वाकलो होतो तसा, मान पार खाली घालून, आणि तिच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

जमीन जागेवर होती. मी थोडा वेळ तसाच राहिलो.