शिवणीतली माया

मास्तरांनी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि एकाही शिवणीत माया सोडायला ते विसरले नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, "कमरेत बारीक करा." मास्तर मान डोलवायचे आणि आत दोन बोटं जास्तीचं कापड राखून ठेवायचे. "माणूस आज बारीक आहे, उद्या सुटेल. कापलेलं कापड परत येतं का?" या तत्त्वज्ञानावर चौकातलं दुकान चाललं, मुलगा शिकला. मग डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा जाईना, आणि दुकानाला कुलूप लागलं.

तेव्हापासून घरात टीव्ही लागला तो लागलाच. मास्तर कानानेही जरा जड. मालिकेतली सासू सुनेवर ओरडली की खालच्या मजल्यावरची पोरं निमूट अभ्यासाला बसायची. खरं तर मास्तरांना मालिकेचं एवढं कौतुक नव्हतं. घर शांत झालं की शिलाई मशीन बंद पडल्याची आठवण यायची, आणि ती त्यांना सोसत नव्हती.

त्यात सूनबाईने घरबसल्या नोकरी धरली. कपडे धुण्याची मशीन विकणाऱ्या कंपनीसाठी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. काही महिने काम बघून मग नोकरी पक्की. तिच्या खोलीचं दार नेमकं टीव्हीसमोर.

"बाबा, आवाज जरा बारीक करा ना."

"केला की!"

"कुठे केला? शब्द न् शब्द ऐकू येतोय मला."

"अगं, केला. थोडी माया ठेवली इतकंच."

"यांच्याकडून पुरतं बारीक झालेलं काही आजवर कुणाला मिळालंय?" सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "लग्नानंतर शिवलेला माझा ब्लाउज आत्ता कुठे अंगाला बसायला लागलाय."

मग व्हायचं तेच झालं. एक आजोबा मशीनमधून पाणी गळतंय म्हणून सांगत होते, आणि मालिकेतली सासू जावयावर कडाडली, "चालता हो माझ्या घरातून!" आजोबा बिचारे म्हणाले, "अहो बाई, मी माझ्याच घरात आहे." पण तक्रार करायची ती त्यांनी केलीच. साहेबांनी सूनबाईला बजावलं, पुन्हा असं झालं तर घरी बसा. ती आधीपासून घरीच बसली होती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

तिने हे मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला. माया न ठेवता कापायची ही त्यांची पहिलीच खेप.

मग ते मुक्या टीव्हीपुढे बसू लागले. कोटातला खलनायक नुसते ओठ हलवी आणि मास्तर पुटपुटत, "खांदा उतरलाय." जेवण कमी झालं. टोमणा मारायला काही उरलं नाही म्हणून सासूबाईही कावल्या. सूनबाईला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती तिलाच टोचू लागली.

एका दुपारी काम संपवून ती बाहेर आली ती दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडाचं गाठोडं घेऊनच. सुईत दोरा ओवून तिने सुई मास्तरांपुढे धरली.

"बाबा, माझ्या दाराला जाड पडदा हवाय. आतून अस्तर, मधे चिंध्या भरलेल्या."

मास्तरांनी सुई घेतली. डोळ्यांना दिसत नव्हतं ते बोटांना पाठ होतं. दोरा संपला की "ओव गं" म्हणायचं, की सूनबाई हजर. पडदा जमिनीवर लोळेल एवढा लांब झाला. "ठेवलीत ना माया?" सासूबाईंना आयताच टोमणा मिळाला.

सुट्टीच्या दिवशी पडदा चढला. सूनबाई आत गेली, तिने दार लावून पडदा ओढला आणि कान देऊन उभी राहिली. मास्तरांनी भीत भीत आवाज थोडा वाढवला आणि थांबले. आणखी थोडा. आता दार वाजणार म्हणून त्यांनी रिमोट खालीच ठेवला.

"वाढवा, बाबा!" आतून हाक आली. "अजून माया आहे!"

कानाने जड असलेल्या मास्तरांना ही हाक मात्र पहिल्याच वेळी ऐकू आली.