करंजवाडीची ओळ

रविवारी दुपारी जेवून मी वहीवर हनुवटी टेकून पालथी पडलेय. डोळे मिटतायत, तेवढ्यात हनुवटीखालची वही कुणीतरी ओढतं. मंदाआत्या! दिवाळीआधी गेलेली माझी आत्या, वाड्यावस्त्यांवर फिरून संशोधन करणारी. वहीतला हा तक्ता तिनंच मला शिकवला. प्रत्येक वाडीची एक ओळ. कारण असलं तर एक, नसलं तर शून्य. मग कुठली कारणं एकत्र आली की मुली दहावीपर्यंत टिकतात, ते शोधायचं.

"बरं झालं आलीस! उद्या प्रकल्प मांडायचाय आणि दोन वाड्यांनी वैताग आणलाय. जांभळवाडी, करंजवाडी. दोन्हीकडे एसटी एक, बचत गट एक, हायस्कूल शून्य. सेम टू सेम! पण जांभळवाडीच्या मुली शिकतात, करंजवाडीच्या नाहीत. मी करंजवाडीची ओळच उडवतेय."

"उडव की. फक्त सुगंधाला सांगून ये."

सुगंधा करंजवाडीची, माझ्याच वर्गात होती. नववीत शाळा सोडली तिनं.

आता आम्ही करंजवाडीच्या फाट्यावर उभ्या आहोत. एसटीच्या पाटीवर गावंच नाहीत, नुसते एक आणि शून्य.

"गाडी किती वाजता येते गं, शरू?"

"मला काय माहीत! एसटी येते का विचारलं, येते म्हणाले, एक लिहिला."

"कोण म्हणालं?"

"पारावरचे आजोबा."

"कितवीत आहेत ते?"

अस्सा राग येतो! जिवंत होती तेव्हाही सरळ उत्तर म्हणून नाही.

गाडी येते. आत चढते तर आमचाच नववीचा वर्ग, दुसरा तास चाललेला. दारात सुगंधा, घामाघूम. बाई तिला रोजच्यासारखं बाहेर उभं करतात. बाकावरून कुणीतरी म्हणतं, "आल्या महाराणी!" सगळे हसतात. आवाज माझाच.

"रोज उशीर का होतो हिला?" आत्या विचारते.

"झोपाळू आहे एक नंबरची..." शाळा साडेदहाची. आणि ही गाडी आत्ता, दुसऱ्या तासाला पोचतेय.

"आत्या, एसटीचा तो एक खरा एक नाहीच ना? शाळेच्या वेळेला येते का, असं विचारायला हवं होतं."

"मग विचार."

"तूच सांगून टाक ना!"

"मी मेलेय, बाई."

जाग येते. चार वाजलेत. करंजवाडीच्या ओळीतला एसटीचा एक, माझ्या पेनानं लिहिलेला, कुणीतरी ओलं बोट घासून पुसलाय. कागद अजून दमट आहे. शून्य मात्र लिहिलेलं नाही. ते सुगंधाला विचारून मीच लिहायचं म्हणे!

हद्द आहे. मी सायकल काढते.