रिव्हॉल्वरला गोडेतेल

सखाराम गायकवाड हवालदार कुठलंही हत्यार हातात आलं की आधी हुंगायचे, बाजारात खरबूज हुंगावं तसं. मग डोळे मिटूनच सांगायचे, "गोळ्या स्वस्तातल्या हायती," नाहीतर, "लई दिस फडकं लावल्यालं नाय." जुन्नरला पोलिसांच्या शस्त्रागारात मी त्यांच्या हाताखाली होतो; आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. सुरुवातीला मला हा माणूस चक्क नाटकी वाटला.

सरावाचा गोळीबार झाला की हत्यारांचा ढीग आमच्यापुढे यायचा. काही नुसती धुरकटलेली, काही तव्याच्या बुडासारखी. घासून घासून वैतागलो आणि एकदा विचारलं, गोळ्या तर सगळ्यांनी सारख्याच मारल्या, मग हीच एवढी काळी का? भाऊ खुलले.

"रिव्हॉल्वरचं चक्र आन् नळी, दोन्हीत फट असती. धूर तिथनं फुटतो, चक्राचं त्वांड काळं करतो. पिस्तुलांचं निराळं. काही गोळी सुटताच माघारी उघडत्यात, धूर पोटात घेत्यात. काही वाईच थांबून उघडत्यात, तवर धूर नळीतनं पुढं गेल्याला असतो. ती कमी मळत्यात. उघड्या शिशाची गोळी तर लईच घाण करती." आणि मग ठरलेलं वाक्य, "पर सगळ्यात वंगाळ जादा तेल, राव. ते काजळीला धरून ठिवतं. हत्याराचा लाड करू नाय."

मंचरजवळच्या मळ्यात ज्ञानबा नावाचा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त राहायचा. त्याच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्वर होतं. त्याची आई सोनाबाई भाऊंना लेकच म्हणायची, पण या बौद्धवाड्यातल्या लेकाची जागा ओटीवर. चहा ओटीवर, जेवणही ओटीवर. भाऊंनी कधी शब्द काढला नाही.

एका खंडेनवमीला म्हातारीने पहिल्यांदा हाक मारली, "सखाराम, आत ये. पूजंला बस." देवघरापुढे कोयता, विळा, फाळ आणि मधोमध रिव्हॉल्वर मांडलेलं. त्याच आठवड्यात ज्ञानबाने बिबट्याला हुसकायला हवेत बार काढले होते आणि रिव्हॉल्वर तसंच ठेवून दिलं होतं. म्हातारीने त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि वाटीतलं गोडेतेल मायेने चोळलं, चक्रात, फटीत, सगळीकडे.

"शब्द व्हटावर आलता," भाऊ मला नंतर म्हणाले. "पर पयल्यांदाच आत बसलो व्हतो. तिच्या देवापुढं नाट कसा लावू? म्हनलं, ज्ञानबाला मागनं सांगू." ते सांगणं राहून गेलं.

थंडीत एका सकाळी उसातून बिबट्या आला. ज्ञानबाने रिव्हॉल्वर उचललं, चाप ओढला, आणि चाप हललाच नाही. ज्ञानबा गेला.

रिव्हॉल्वर तपासणीला आमच्याकडे आलं तेव्हा भाऊंनी ते हुंगलं नाही. जोर लावून चक्र फिरवलं. फटीत काजळी, कुंकू आणि वाळलेलं तेल यांचा डिंक झाला होता.

दहाव्याला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. म्हातारी येईल त्याला एकच विचारत होती, "पूजा तर मी मनापासनं क्येली व्हती. मग माझ्या लेकाच्या येळंलाच का आडलं?"

भाऊ तिच्यापुढे बसले. "आई, पूजंचं काय नाय. दसऱ्यानंतर म्याच साफ करून दिलं व्हतं. माझ्या हातनं काजळी ऱ्हायली."

म्हातारीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "पुन्यांदा ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस," ती म्हणाली.

परतताना एसटीत मी चिडलो. खोटं कशाला बोललात? "मग काय सांगू?" ते म्हणाले. "आई, तुझ्या तेलानं तुझा ल्योक गेला, आसं?"

त्यानंतर भाऊ बदलले. भर दुपारी, काम चालू असताना रिकामं रिव्हॉल्वर उचलायचे, चाप ओढायचे आणि कान देऊन बसायचे. खटका पडला तरी पुन्हा ओढायचे. "चालतंय नव्हं?" मला विचारायचे. मी हो म्हणायचो, तरी चेहऱ्यावरची भीती जायची नाही. निवृत्तीनंतर हातात काही नसतानाही त्यांचं बोट तसंच वाकायचं. मला ते बघवायचं नाही.

गेल्या वर्षी भाऊ गेले. जलदान विधीला सोनाबाई आली, काठी टेकत, एकटी. माझ्याजवळ बसून तिने हळूच विचारलं, "त्यानं खरंच साफ क्येलं व्हतं का रं?"

"होय, मावशी."

"तू बी त्याच्याच वळनाचा." ती खाली बघत होती. "त्या खंडेनवमीनंतर रिव्हॉल्वर घरातनं हाललंच नव्हतं. आन् तेल मीच घातलं व्हतं, मला ठावं न्हाई व्हय? त्यो पुढं बसून खोटं बोलला तवाच कळलं मला."

"मग त्यांना का घालवलंत?"

"माझ्यानं पेलवत नव्हतं, बाबा. आन् माझं वझं उचलायला त्यो न्हाई म्हनला नसता."

मला तिचा संताप यायला हवा होता. भाऊंच्या बायकोने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "प्या, आई. हे तुमचीच वाट बघत व्हते."