माळेचं माप

बनारसमध्ये झेंडूला तोटा नाही. देवाला, नवरदेवाला, पुढाऱ्याला, प्रेताला, नव्या होडीला, सगळ्यांना इथे गुडघ्यापर्यंत माळ मिळते. आणि आमचे वडील आईच्या फोटोला वीतभर माळ घालायचे. तीसुद्धा मापून! फोटोमागच्या खिळ्याला सुतळीचा एक फास टांगलेला असायचा. दरवर्षी अविधवा नवमीच्या सकाळी ते तो खिशात घालून संकठाजीच्या देवळाच्या गल्लीत जायचे, माळिणीसमोर धरायचे आणि तेवढीच माळ ओवून घ्यायचे. माळीण म्हणायची, "मास्टर साहब, चार फूल अउर लगा दें? पैसा न लेब." वडील म्हणायचे, "नहीं, बस्स."

हा प्रसंग मी लग्नाच्या पंगतीपासून बारशापर्यंत सगळीकडे नकलेसकट करून दाखवला आहे. माळिणीचा आवाज मला झकास जमतो. वडील समोर असले तरी मी सोडत नसे. "फुकट मिळणारी फुलंसुद्धा नको म्हणणारा चिक्कू माणूस पाहायचाय? हे बसलेत!" वडील हसत. हसतच पुढचा घास घेत.

तो फोटो कसा झाला, हे मी पंगतीत सांगत नसे.

मी चौदा वर्षांची होते. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाआधी नवमी करत नाहीत, म्हणून तिची ही पहिलीच अविधवा नवमी जवळ आली होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचा पितृपक्षातला हा दिवस. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. वडील शाळेत संस्कृत शिकवत. अमृतराव घाटाच्या वरच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत आईचा एकही फोटो नव्हता. लग्न कोकणातल्या खेड्यात झालेलं, तिथे कॅमेरा कुठला? इथल्या मराठी मंडळींचे गणपतीतले फोटो होते, पण फोटोची हाक यायची तेव्हा आई चुलीपुढे असायची. एका वर्षीच्या फोटोत तेवढी ती सापडली. शेवटच्या क्षणी धावत येऊन मागच्या रांगेत उभी राहिलेली. दोन खांद्यांच्या मधे फक्त चेहरा, आणि नाकावर पीठ.

"सवाष्ण पाटावर बसेल," वडील म्हणाले, "ती कुणाच्या नावानं जेवते आहे ते भिंतीवर दिसायला नको?" एवढं एकच त्यांनी मनात धरलं होतं. तो ग्रुपफोटो आणि मला घेऊन ते गल्लीतल्या फोटोवाल्याकडे गेले.

फोटोवाला म्हणजे एक नमुना होता. तोंडात पान, कानावर पेन्सिल. त्यानं भिंगातून आईला पाहिलं आणि जाहीर केलं, "चेहरा तो मिल गया, मास्टर साहब. अब धड़ चाहिए." मग त्यानं टेबलाचा खण ओढला. "बदन बहुत हैं." आत जुन्या फोटोंचा ढीग होता. मारवाडी शेठाणी, बंगाली नवरी, छातीवर पदकं लावलेला एक फौजदार. वडिलांनी एकेक पाहून बाजूला ठेवला. "हमारी नौवारी पहनती थी," ते म्हणाले.

"तो किसी को पहनाकर बैठा दीजिए. चेहरा मैं जोड़ दूँगा." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "बिटिया ही बैठ जाए. कद-काठी माँ पर गई है."

वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. "जिस तस्वीर पर माला चढ़ेगी, उसमें मेरी लड़की नहीं बैठेगी," असं म्हणून ते पायऱ्या उतरले. छत्री दुकानातच राहिली. ती आणायला मी परत गेले तेव्हा फोटोवाल्यानं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि मला विचारलं, "मास्टर साहब स्कूल कितने बजे जाते हैं?"

पण आधी वडिलांनी सरळ मार्गानं प्रयत्न करून पाहिला. खालच्या मजल्यावरच्या काकू आईच्या मैत्रीण, नवमीची सवाष्णही त्याच. आईची नऊवारी नेसून फोटोला बसाल का, असं त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी पदर सारखा केला. "भाऊजी, मी जेवायला येईन, ओटी घेईन, तुम्ही म्हणाल ते करीन. पण हे..." आतून काका ओरडले, "अहो, लग्नानंतर मी स्वतः हिला कधी हार घातला नाही, आणि तुम्ही जिवंतपणी भिंतीवर टांगून घालणार?" काकू हसल्या, वडीलही हसले. वर येऊन त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. नवमीला सहा दिवस उरले होते. "राहू दे," ते म्हणाले. "नसेल तिच्या नशिबात."

आई जन्मभर सगळ्यांच्या फोटोंबाहेर राहिली आणि आता मेल्यावरही बाहेरच राहणार.

आमच्याकडे आत्या असे, वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झालेली. मी तिला चुलीपुढे गाठलं. तिनं ऐकून घेतलं आणि आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मनगटं उघडी. "मीच बसले असते ग. पण हे हात तिच्या गळ्याखाली शोभतील का?"

"मग मला नेसव."

"आणि तुला काही झालं तर?"

"आईच्या फोटोत लेक बसली तर यमाचा फार तर गोंधळ होईल."

आत्यानं मला एक चापट मारली. मग डोळे पुसले आणि पेटी उघडली.

वडील शाळेत गेल्यावर तिनं मला आईची हिरवी नऊवारी नेसवली. आईच्या पाटल्या माझ्या हातातून कोपरापर्यंत घसरत, म्हणून आतून चिंध्या कोंबल्या. वरून शाल गुंडाळली आणि आम्ही निघालो. भर दुपारी, भाद्रपदाच्या उकाड्यात, शालीत गुंडाळलेली मुलगी! चौकातल्या कचौडीवाल्यानं विचारलं, "माई, बिटिया बीमार है का?" आत्या म्हणाली, "हाँ भैया, बहुत." मी तिच्या मागे दात दाबून हसत होते.

फोटोवाल्यानं मला हात असलेल्या खुर्चीत बसवलं. मागे पडद्यावर एक तळं आणि दोन हंस रंगवलेले. चाळीस पायऱ्या खाली खरी गंगा वाहत होती, पण फोटोला तळंच लागे. काळ्या कापडाखाली डोकं घालण्याआधी तो म्हणाला, "बिटिया, चेहरे की चिंता मत करना. चेहरा तो कटेगा. बस हाथ सँभालो."

चेहरा कापला जाणार हे ऐकल्याबरोबर मला रडू फुटलं. दीड वर्षात मी वडिलांसमोर रडले नव्हते, आत्यासमोरही नाही. घरात कुणीतरी नकला करायच्या असतात, ते काम माझ्याकडे होतं. तिथे मात्र कुणाला माझ्या चेहऱ्याची गरजच नव्हती. मी मनसोक्त रडले. आत्या कोपऱ्यातून सांगत होती, "रड हवी तेवढी, हात हलवू नकोस." मी हात हलवले नाहीत.

फोटो नवमीच्या आदल्या दिवशी तयार झाला आणि फोटोवाल्यानं वडिलांना निरोप धाडला; मीही त्यांच्याबरोबर गेले. दुकानात फोटोवाल्यानं मोठा अभिनय केला. दक्खिनची कुणी यात्रेकरू बाई आली होती, नौवारी नेसलेली, बड़ी भली औरत, दोन मिनिटं बसली. जोड झाकायला त्यानं गळ्याभोवती ब्रशनं मंगळसूत्र काढलं होतं. नाकावरचं पीठही पुसलं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. वडील तो फोटो दोन्ही हातांत धरून इतका वेळ पाहत राहिले की फोटोवाला पान चघळायचा थांबला. शेवटी ते म्हणाले, "हात चांगले आलेत."

बाहेर आल्यावर मला उडी मारावीशी वाटत होती. फसले! चक्क फसले!

दुसऱ्या दिवशी आत्यानं वडे, कढी, अळूवड्या केल्या. आमसुलाची चटणी पुण्याहून कुणीतरी आणलेल्या पुडीतली. खीर माझ्याकडे होती, कारण खीर आईला आवडायची. ती मी करपवली. काकू फोटोखाली पाटावर बसल्या, खिरीचा पहिला घोट घेतला, वर फोटोकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून वाढ ग मला." वडिलांनी सकाळीच माळ घातली होती. वीतभर.

नंतरची सगळी वर्षं तशीच गेली. माझं लग्न झालं, तरी नवमीला मी खीर करायला येत असे. आत्या गेली. काका गेले, तेव्हापासून काकू सवाष्ण म्हणून येईनाशा झाल्या; जिन्यात उभ्या राहून विचारत, "खीर झाली का ग?" मग वडील गेले, माघात. गुरुजींनी सांगितलं की आता आईची नवमी करायची नाही. नवरा असेपर्यंतच बायकोचा तो दिवस. तो गेला की तिला वेगळा दिवस राहत नाही. मी म्हटलं, बरं.

तरी भाद्रपदात घर रिकामं करायला गेले ती नेमकी नवमीलाच गेले. माळिणीकडून ठसठशीत लांब माळ घेतली. म्हटलं, आता अडवणारा नाही, एकदा भरपूर घालू. माळ फ्रेमवर चढवली. ती आईच्या चेहऱ्यावरून, गळ्यावरून, पदरावरून खाली आली आणि मांडीवर ठेवलेल्या दोन हातांवर जाऊन टेकली.

चौदा वर्षांच्या मुलीचे बारीक हात. त्यांत तोड्याच्या नक्षीच्या पाटल्या, ज्या वडिलांनी स्वतः आईसाठी घडवून घेतल्या होत्या. दक्खिनच्या यात्रेकरू बाईच्या हातात! आत्या आणि मी, दोघी हुशार, एवढं सगळं नाटक केलं आणि हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

मी माळ काढली. मागच्या खिळ्याचा सुतळीचा फास पुढे घेऊन सोडला. तो आईच्या हनुवटीखाली आला आणि ब्रशनं काढलेल्या काळ्या मण्यांच्या अलीकडे थांबला. जिथे ती संपत होती आणि मी सुरू होत होते, त्याच्या जरासा वर. त्या जोडाखाली वडिलांनी कधी एक पाकळी येऊ दिली नव्हती. मी बसलेच, त्याच जागी, जिथे काकूंचा पाट असायचा. या वेळी चेहरा कापला जाणार नव्हता, पण पाहणारंही कुणी नव्हतं.

आता आई-वडिलांचे दोन्ही फोटो माझ्या घरी शेजारी शेजारी आहेत. वडिलांना मी गुडघ्यापर्यंत माळ घालते. आईची मात्र सुतळीवर मापून घेते. येणारे-जाणारे विचारतात, "यांना एवढी मोठी आणि आईंना एवढीशीच का हो?"

मी सांगते, "वडिलांनीच लावून दिलेली शिस्त. फार चिक्कू होते."