पोटाकडे कुणी पाहिलंच नाही

दुपारचं जेवून सुनेत्रा जरा आडवी होते. खाली भंगारवाल्याची हाक येते, लांब जाते, आणि ती रक्त तपासायच्या खोलीत बाकावर बसलेली असते. शेजारी कुंदाताई, तिची मोठी बहीण. ताई वारून चार वर्षं झाली, हे सुनेत्राला ठाऊक आहे. तरी ती सरकून तिला नीट जागा देते.

"तुझं काय निघालं?" ताई विचारते.

"सीलिॲक. गहू आतड्याला सोसत नाही म्हणे. पोळी, शिरा, पाव, सगळं बंद."

"पोट दुखायचं?"

"नाही गं. तोंड सारखं यायचं. आणि काही केल्या अंगात रक्त भरत नव्हतं."

ताई कोपर पुढे करते. त्यावर तेच जुने खाजरे फोड. "आणि हे? माझी ठिसूळ हाडं? पायांच्या मुंग्या? ऋचाच्या आधी दोनदा मूल पोटात राहिलं नाही, ते?"

"त्यातलंच असणार, ताई."

"दर दुखण्याला वेगळा डॉक्टर झाला. पोट दुखलं नाही, म्हणून पोटाकडे कुणी पाहिलंच नाही." तक्रारीचा सूर नाही. यंदा आंबा कमी आला म्हणावं, तसं ती सांगते.

बाक आता पिठाच्या गिरणीत आहे. पट्टा फिरतोय, ताईच्या पापण्यांवर पीठ बसतंय. दाराशी ताईची ऋचा डबा घेऊन उभी आहे. चौदाची आहे, पण दिसते दहाची.

"हिची तपासणी कर," ताई म्हणते.

"करायचीय. मी सांगितल्यापासून तुझ्या सासूबाईंनी धसकाच घेतलाय. कालपासून तिची पोळी बंद."

"आधीच बंद केली तर रक्तात दिसणार काय?" ताई सुनेत्राचं मनगट घट्ट धरते. "आधी तपासणी, मग बंद. सांग त्यांना."

"सांगते. सोड, दुखतंय."

सुनेत्रा डोळे उघडते. उठते, पाणीही न पिता ताईच्या सासरी फोन लावते.

"काकू, ऋचाची पोळी बंद करू नका. गहू पोटात असेल तरच रक्तात कळतं, मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या ध्यानातच आलं नाही. सोमवारी मी तिला घेऊन जाते."

काकू जरा घुटमळतात, मग "बरं" म्हणतात. फोन ऋचा घेते. "मावशी, म्हणजे आज पोळी खाऊ?"

"खा, बाळा."

फोन ठेवताना सुनेत्राला आपलं मनगट दिसतं. हात अंगाखाली दबला असेल, असं ती मनाशी म्हणते. पण वळ चार बोटांचे आहेत, आणि आतल्या बाजूला एक अंगठ्याचा.