आठव्या नगाची चोरी

दुष्काळाची वर्षं होती आणि शहर वर वर चढत होतं. उस्मानपुऱ्यात आमच्या खोलीच्या डोक्यावरही घरमालकानं एक मजला चढवला. नळाचं पाणी मात्र आठवड्यातून एकदा, तेही खालच्या हौदापर्यंतच. तिथून दोन पिंपं भरायची म्हणजे बादल्या घेऊन जिना चढायचा. कुणी चढायचा, यावर दर वेळी वाद नको म्हणून मी नि माझ्या रूममेटनं ठरवलं: रविवारी दुपारी कॉम्प्युटरवरच्या लढाईत जो हरेल त्यानं आठवडाभराचं पाणी भरायचं.

लढाई म्हणजे जादूगार, राक्षस, चोर, किल्ले. एक चाल त्याची, एक माझी. गेम जुना, कुठल्यातरी हौशी पोरांनी त्यात नवे प्राणी नि नवे मंत्र घुसडलेले. मजा लई, पण शिवण कच्ची. कधीतरी ऐन लढाईत सगळं बंद पडायचं. मग शेवटच्या सेव्हपासून पुन्हा खेळायचं, असा आमचा नियम.

रूममेट कॉलेजात माझ्याच बाकावरचा, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी केलेल्या घरातला. त्याच्या मते दोष व्होल्टेजचा. म्हणून मंत्र टाकायच्या आधी तो पंखा बंद करायचा. मे महिन्यात. मी लासूर स्टेशनकडचा, आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही बीएस्सी. असलं ऐकून घेणं मला शक्य नव्हतं. कॉलेजची एक कोरी जर्नल उरली होती, तिच्यात मी रकाने आखले: निरीक्षण, अनुमान, दक्षता. गेम बंद पडला की नोंद.

महिनाभरात एक दोष सापडला. होड्या नदीच्या मध्यावर असताना मुडदे उठवायचा मंत्र टाकला, की गेम गचकतो. दक्षता: होड्या आधी काठाला लावाव्यात. पंखा पुन्हा सुरू झाला. रूममेट मला शास्त्रज्ञ म्हणायला लागला. थट्टेनं म्हणायचा, पण मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दुसरा दोष मी त्याला सांगितला नाही. सरदाराच्या पिशवीत आठ नग मावायचे: तलवार, अंगठी, जादूची बाटली, असलं काहीबाही. आठही जागा भरलेल्या असताना त्या सरदाराला चाकरीवरून काढलं, की गेम जागच्या जागी बंद. एरवी कोण भरल्या पिशवीचा सरदार काढणार? मी काढायचो. माझा किल्ला पडायला आला की एक सरदार घरी पाठवायचो. सेव्हपासून पुन्हा सुरू झालं की त्याची फौज कुठून येणार ते मला पाठ. दर रविवारी नाही हं. पटेल एवढंच.

रूममेट पावसाळाभर पाणी वाहत राहिला. पावसाळा नावाचाच होता.

पण जर्नलमध्ये मी सगळं लिहीत होतो. न लिहिलेलं निरीक्षण ग्राह्य नाही, हे तीन वर्षं अंगात मुरलेलं. अनुक्रमणिकासुद्धा होती. आणि त्याच तीन वर्षांत माझी प्रत्येक जर्नल शेजारी बसून कुणी उतरवून काढली होती, हेच मी विसरलो.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो माझ्या राजधानीच्या दारात होता. मी निवांतपणे सरदाराला रजा दिली. गेम चालूच. सरदार तलवार, अंगठी सगळं घेऊन निघून गेला. पुढच्याच चालीत राजधानी पडली.

रूममेटनं चष्मा पुसला. "पिशवीत सातच नग होते, शास्त्रज्ञ. आठवा माझ्या चोरानं मागच्याच चालीला काढला."

मी माऊस सोडला. "तुला कळलं कधी?"

"दसऱ्याला. पण म्हटलं, तुझा प्रयोग पूर्ण होऊ दे."

मी जर्नल उघडली. दुसऱ्या दोषापुढं दक्षतेचा रकाना मी मुद्दामच कोरा सोडला होता. तिथं त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सरदाराला काढण्यापूर्वी पिशवी मोजून घ्यावी. खाली लाल शाईत, आमच्या सरांच्या थाटात: तपासले. दहापैकी नऊ.

एक मार्क कशाबद्दल कापला, हे मी प्रत्येक बादलीला जिन्यावरून ओरडून विचारत होतो. तो पंख्याखाली झोपला होता.